बावीस पावलं

भिवानं पाडलेलं झाड खुंटी ठोकून देतं, असं अंबडच्या बाजारात कुणी सांगितलं की लोक आधी हसायचे आणि मग बघायला यायचे. गोष्ट खोटी नव्हती. झाड कुठं आडवं होणार ते ठरवून भिवा तिथं बाभळीची हातभर खुंटी अर्धी रोवून ठेवायचा. मग कुऱ्हाडीची खाच, मागून करवत, फटीत पाचर. झाड कण्हायचं, कलायचं आणि धाडदिशी आडवं व्हायचं. धुरळा खाली बसला की खुंटी जमिनीत गडप.

लोकांनी त्यात भर घातलीच. एकदा म्हणे खुंटीवर सुपारी ठेवली होती, ती बराबर दोन फाकांत फुटली. एकदा खुंटीवर डोंगळा चढला होता, तो उतरेपर्यंत झाड अधांतरी थांबलं. हे कानावर आलं की भिवा बिडी काढून शांतपणे म्हणायचा, "डोंगळा न्हवता. घोण व्हती. तिला पाय लई, म्हणून येळ लागला."

धंदा म्हणावा तर एवढाच. दोन कुऱ्हाडी, तीन लोखंडी पाचरा, पहार, टिकाव, दोरांची दोन वेटोळी, माती चोपायचा धुमस आणि सहा हात लांबीची एक करवत. जालन्यात एक लाकडाची वखार बुडाली तेव्हा ती करवत भिवाकडे आली. तिला सगळे 'थोरली' म्हणायचे. थोरलीला तेलाचं बोट फिरवून, गोणपाटात गुंडाळून, बैलगाडीत आडवी निजवायचे. मालनबाई, म्हणजे भिवाची बायको, डोक्यावर भाकरीचं गठुडं घेऊन गाडीच्या मागं चालायची.

"सवत गाडीत, आन् मी पायी," ती म्हणायची.

"तिचे दात रोज घासावे लागत्यात," मालनबाईचा भाऊ संपत म्हणायचा. "तू घासू देशील का दाजीला?"

संपत झाडावर चढायचा, फांद्या छाटायचा, शेंड्याला दोर बांधून उतरायचा. भिवा खाली राहून डोकं चालवायचा. मूठभर माती सोडून वारा बघायचा. दोर पिळापिळानं चाचपायचा. आणि कुऱ्हाड लावण्याआधी घरमालकाकडून तीन गोष्टी वदवून घ्यायचा, फांद्या कुणाच्या, खोड कुणाचं, बुडखा कुणाचा. फांद्यांवर बायका भांडायच्या, खोडावर भाऊ भांडायचे. बुडख्याला कुणी विचारत नसे, कारण चार-चार दिवस खणल्याशिवाय तो जमीन सोडत नाही. म्हणून या भागात रीतच पडून गेली होती, बुडखा काढणाऱ्याचा. भिवाच्या दारात असे पाच-सहा बुडखे बसलेल्या म्हशींसारखे पडलेले असायचे.

झाडाची उंची मोजायची त्याची तऱ्हा मात्र बायकांनी बघण्यासारखी नव्हती. झाडाकडे पाठ करून तो लांब जायचा, ओणवा व्हायचा आणि दोन पायांमधून मागं बघायचा. शेंडा जिथून दिसेल तिथं थांबायचा आणि तिथून झाडापर्यंत पावलं टाकायचा. जितकी पावलं, तितकं झाड. त्याचं पाऊल म्हणजे सगळ्या धंद्याचं माप होतं. मोठं नाही, लहान नाही. झोपेतून उठवलं तरी तेच.

दुष्काळाला चार सालं होऊन गेली होती. त्या चैतात सर्जेराव पाटलानं भिवाला बांधावरचा लिंब पाडायला बोलावलं.

लिंब दोघांच्या बांधावर होता. मावळतीला सर्जेरावाची बावीस एकर काळी, उगवतीला द्वारकाबाईची अडीच एकर. द्वारकाबाई साठीची, नवरा जाऊन तीस सालं झालेली, एक लेक भोकरदनकडे दिलेली. लिंबाच्या सावलीनं तिची कपाशी खुरटायची, म्हणून तिनंही हो म्हटलं. खोड सर्जेरावाचं, फांद्या तिच्या.

"आक्का, झाड तुमच्या वावरात पाडतो," भिवा म्हणाला. "फांद्या वाहून न्यायला नकोत."

"पाड. पर माझ्या आडाला धक्का लागला तर तुला त्याच्यातच उभा करीन."

आड म्हणजे तिची पिण्याच्या पाण्याची अरुंद विहीर. बांधापासून दोन हातांवर काठ, तोंड पाच हातांचं. वावर अडीच एकराचं, पण आड असा की अख्खं गाव कोरडं पडलं तरी त्याच्या तळाला कमरेइतकं पाणी असायचं.

भिवा ओणवा झाला, पायांतून बघितलं. द्वारकाबाईनं तोंडाला पदर लावला, पण हसू दाबलं नाही. मग तो झाडाकडे निघाला तशी तीही शेजारी चालू लागली. तो पावलं टाकतोय आणि ती मोठ्यानं मोजतेय. "येक, दोन, तीन…" बावीसला भिवाचा पाय बुंध्याला लागला.

मोजायला सुरुवात केली त्या जागी खुंटी तिनंच धरली, भिवानं दोन टोले घातले. दुपारी लिंब पडला. आडापासून चांगला लांबून, सरळ, मास्तरानं पाटीवर रेघ ओढावी तसा. धुरळ्यात शिरून द्वारकाबाईनं खुंटी शोधली आणि टाळी वाजवली. "आरं, गेली की पार! नुसतं डोस्कं दिसून राह्यलं."

त्या दिवशी भिवा गावातून छाती काढून गेला. संपत सगळ्यांना सांगत होता की खुंटीच्या डोक्यावर माशी बसली होती आणि ती अजून उडाली नाही.

पुढचे चार दिवस बुडख्याचे. छातीइतका खड्डा, गुडघे मातीत, मुळी दिसली की कुऱ्हाड. लिंबाची मुळं मांडीएवढी जाड होती. उगवतीकडचं एक तर कोपरात वाकून खाली गेलेलं. सात मुळं तोडली तेव्हा बुडखा हलला. दोर, पहार, दोन बैल आणि पाच माणसं यांनी मिळून तो वर काढला आणि गाडीत घातला, तर गाडीचा आस कुरकुरला. मुळांत माती आणि गोटे गच्च बसले होते. ते कोण काढत बसणार, म्हणून तसाच दारात नेऊन टाकला.

खड्डा भरायचा होता. द्वारकाबाई लेकीच्या बाळंतपणाला भोकरदनला गेली होती. सर्जेराव बांधावर येऊन उभा राहिला.

"भिवा, खड्डा भरून राह्यला तसा बांध बी सपाट करून टाक. झाडाच्या मुळ्यांनी पार इस्कटलाय. आक्का आल्या का नवा घालू, सरळ."

"आक्काला इचारलं का मालक?"

"इचारायचं काय त्यात? तुझं काम माती सारखी करायचं." मग जरा थांबून म्हणाला, "आमचे सोयरे हायेत ना बद्रीनाथ, त्यांच्या जागेवर जालन्याला गिरणी उभी ऱ्हाणार. एक्केचाळीस बाभळी काढायच्यात, धा एकर जमीन सारखी करायची. दिवाळीपर्यंत काम. मी म्हणलं, आमच्याकडं माणूस हाय."

भिवानं माती सारखी केली. चांगली केली. ते त्याला वाईट करताच येत नव्हतं. खड्ड्यात वीतभर माती टाकायची, पाणी मारायचं, धुमसानं चोपायची, मग पुढची वीत. बायका घमेली वाहत होत्या, मालनबाईही त्यांत होती. पावसाळ्यात भरलेला खड्डा खचतो आणि मागची गोष्ट सांगतो. भिवाचा खड्डा खचत नसे. संध्याकाळी तो उभा राहून बघू लागला तर बांध कुठं होता, झाड कुठं होतं, त्याचं त्यालाच दिसेना. त्यानं धुमस गाडीत टाकला आणि बैल जुंपले.

द्वारकाबाई आली आणि आपल्या वावरात उभी राहून चारी दिशांना बघू लागली. भांडली नाही. तहसिलीला जाऊन मोजणीचा अर्ज देऊन आली.

मोजणीदार आला तो साखळी, झेंड्या आणि एक शिपाई घेऊन. वरच्या अंगाचा हद्दीचा दगड ओढ्यानं कधीच नेला होता. खालचा लिंबाच्या बुडाशी असायला हवा, तो सापडेना. उन्हात तीन तास शिपायानं पहार मारली, तेव्हा मोजणीदारानं टोपी काढून घाम पुसला.

"दोघं कबूल व्हाल तिथं खुणेचा दगड ठेवून जातो. पंधरवड्यानं कागद घेऊन येतो, दोघांचे अंगठे घेतो. कबूल नसाल तर वर अर्ज करा. वर्ष लागेल, दोन लागतील."

"लिंब हितं व्हता," सर्जेराव द्वारकाबाईच्या बाजूला चांगला आत उभा राहून म्हणाला.

"तिथं तर मी मिरच्या लावायचे," द्वारकाबाई म्हणाली. मग तिचा चेहरा उजळला. "आवो सायब, खुंटी हाय ना!"

तिनं खुरपं घेतलं, इथं उकर, तिथं उकर, आणि मातीखाली बाभळीचं चेचलेलं डोकं काढून दाखवलं.

"ह्या खुंटीपासून लिंब बावीस पावलं. भिवाची. मी सोता मोजल्यात. बोलवा भिवाला."

भिवा आला. मोजणीदारानं विचारलं, "तुझ्या पावलाचा भरवसा काय?"

"त्याचं पाऊल म्हंजी लोखंडी गज," द्वारकाबाईच बोलली.

भिवा जवळून जाताना सर्जेराव पागोटं सारखं करत हळूच म्हणाला, "बद्रीनाथांचा निरोप आल्ता. सोमवारी या म्हणलेत."

भिवा खुंटीवर उभा राहिला. समोर सपाट जमीन. डाव्या हाताला, पुढं, आडाचं तोंड. त्याला आठवायचं नव्हतं तेच आठवलं.

दुष्काळाचं साल. खडी फोडायच्या कामावरून मालनबाई आणि तो रिकामी घागर घेऊन परत येत होते. सर्जेरावाच्या विहिरीवर गडी लांबूनच म्हणाला, "तिकडं उभं ऱ्हा, वरून वततो." मालनबाई उभी राहिली नाही. घागर रिकामीच घेऊन पुढं चालू लागली. द्वारकाबाई आपल्या आडावर होती. तिनं दोर मालनबाईच्या हातात दिला. "शेंद. माझे हात दुखून राह्यले." हात काही दुखत नव्हते, सगळ्यांना माहीत होतं. वैशाखापासून मृगापर्यंत सगळी वस्ती आपल्या हातानं त्या आडाचं पाणी शेंदून न्यायची. गावात चार लोक द्वारकाबाईकडे जेवायचे बंद झाले. ती म्हणाली, बरं झालं, ज्वारी वाचली.

भिवानं पहिलं पाऊल टाकलं.

"येक," द्वारकाबाई त्याच्या शेजारी चालू लागली.

पाऊल दिसायला तसंच होतं. गुडघा तेवढाच वर, हात तेवढेच हलते. फक्त खाली टेकताना टाच थोडी अलीकडं. आठ बोटं. फार नाही, आठ बोटं. भिवाच्या सगळ्या अंगाला घाम सुटला, कारण शरीराला ते जमत नव्हतं. पाय आपोआप पुढं जाऊ बघायचा आणि तो त्याला मधेच धरायचा, उधळलेला बैल वेसणीनं धरावा तसा.

"…वीस, येकवीस, बावीस."

भिवा थांबला. आड अजून पुढंच होता. बावीस पावलांत आठ-आठ बोटं म्हणजे सात हातांवर थोडं. दोन हात बांधापासून काठाचे, पाच हात आडाचे. अख्खा आड सर्जेरावाच्या बाजूला गेला होता.

मोजणीदारानं दगड ठेवला. द्वारकाबाईनं दगडाकडे बघितलं, आडाकडे बघितलं, मग भिवाच्या पायांकडे बघितलं. भिवाला वाटलं, आता ही ओरडेल. तिनं ओरडावं असंही वाटलं.

"भिवाची पावलं बराबर असत्यात," ती म्हणाली. "माझंच ध्यान चुकलं असंल. अंगठा मात्र जावयाला इचारून देईन सायब. पंधरा दिसांनी."

दुसऱ्याच दिवशी सर्जेरावानं आडाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं.

सोमवारी गाडी जालन्याला निघाली. थोरली गाडीत. मालनबाई या खेपेला घरी राहिली. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात एक्केचाळीस बाभळी उभ्या होत्या आणि बद्रीनाथचा मुकादम खाटेवर बसून त्या मोजत होता. भिवाच्या नावाचा डंका आधीच पोचला होता. मुकादम म्हणाला, "ती खुंटीची गंमत दाखवा बरं."

भिवा ओणवा झाला, पावलं टाकली, खुंटी रोवली. खाच घेतली. थोरली चालली, पांढरा भुसा पायांवर पडू लागला. बाभूळ कलली, पडली आणि खुंटीच्या तीन हात अलीकडं पाण्याच्या रांजणावर आपटली. रांजणाचे तुकडे झाले. पाणी भेगांतून खाली गेलं. मजुरांपैकी कुणी हसलं नाही, त्यामुळे जास्तच लागलं. मुकादम खाटेवरून म्हणाला, "आमच्या सोयऱ्यांनी वेगळं सांगितलं होतं."

दुसरी बाभूळ खुंटीच्या पलीकडं गेली. तिसरीला भिवानं खुंटी रोवलीच नाही.

"दाजी," संपत भाकरी मोडताना म्हणाला, "तुमी पाऊल आखडून टाकून राह्यले."

"काय?"

"मगाशी बघितलं मी. टाच अलीकडं टेकून राह्यली. गुडघा दुखतो का?"

"दुखतो," भिवा म्हणाला.

गुडघा दुखत नव्हता. पण त्याचं ते जुनं पाऊलच सापडत नव्हतं. लांब टाकायला गेला की फार लांब पडायचं, सांभाळायला गेला की आठ बोटं कमी. बाराव्या दिवशी एक म्हातारी बाभूळ त्यानं सांगितलेल्या जागेऐवजी संपत उभा होता तिकडं आली. संपतनं उडी घेतली. तरी शेंड्याचे काटे त्याच्या पाठीवरून मानेपासून कंबरेपर्यंत ओढले गेले. सदरा फाटला, रक्ताच्या चार रेघा उठल्या. तो उठून बसला, स्वतःला चाचपलं आणि म्हणाला, "मला खुंटी समजलं का काय?"

मजूर हसले. भिवा लांब जाऊन बसला. मग उठून त्यानं थोरली गोणपाटात गुंडाळली.

संपतच्या पाठीला हळद लावायला दोघं घरी आले. मालनबाईनं भावाच्या पाठीवर हळद आणि शिव्या एकदमच लावल्या. मग नवऱ्याला पाणी देत सांगू लागली.

"द्वारकाआक्का ओढ्यातल्या झिऱ्याचं पाणी आणून राह्यली. दोन शेतं पल्याड. वाटी-वाटीनं घागर भरायची. मी रोज येक घागर टाकते तिच्या दारात. परवा म्हणली, भिवा बरा हाय ना? उन्हात लई राबू नको म्हणा त्याला."

भिवानं तांब्या तसाच खाली ठेवला.

"सरपण बी संपलंय," मालनबाई म्हणाली. "तो लिंबाचा बुडखा तरी फोडा."

संपत हळद लावलेल्या पाठीनंच उठला. "ह्या झाडापासूनच आपली साडेसाती सुरू झाली, ह्याला मीच फोडतो." त्यानं कुऱ्हाड उचलली आणि दोन मुळांच्या बेचक्यात हाणली. ठण्ण आवाज आला. ठिणगी उडाली. कुऱ्हाडीच्या धारेचा टवका उडाला.

"दगड हाय आत," संपत म्हणाला.

मालनबाईनं खुरप्यानं माती काढली. लिंबानं साठ-सत्तर सालांत तो दगड असा गिळला होता, की त्याच्याभोवती लाकडाचे ओठ मिटत आले होते. बाहेर राहिला होता तो फक्त माथा. पाणी टाकून मालनबाईनं तो पदरानं पुसला. माथ्यावर छिन्नीनं कोरलेली फुली होती.

"ह्यो तर हद्दीचा दगड," ती म्हणाली. "सायबाला सापडला न्हाई तो. ह्यो झाडाच्या पोटात, म्हंजी बांध झाडावर. मंग झाड व्हतं कुठं?"

मालनबाईनं वर बघितलं.

"आठ बोटं," भिवा म्हणाला.

"काय आठ बोटं?"

"दर पावलाला."

संपतच्या हातातली कुऱ्हाड खाली आली. मालनबाई तशीच उकिडवी बसून राहिली. ओला पदर तिच्या मुठीत होता. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, पायांकडेच बघत होती.

"त्या साली तिनं दोर माझ्या हातात दिला," ती म्हणाली. "तुमच्या न्हाई. माझ्या. तुमी मला इचाराय पायजे व्हतं."

आणि उठून, बुडखा गाडीत चढवायचा म्हणून, ती बैल सोडायला गेली.

सकाळी गाडी द्वारकाबाईच्या वावरात आली तेव्हा गाडीत थोरली नव्हती, बुडखा होता. द्वारकाबाई सुकत चाललेल्या मेथीच्या वाफ्यात होती. भिवा तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. रस्ताभर जुळवलेली सगळी वाक्यं विसरला.

"आक्का, मी पावलं चोरली."

द्वारकाबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. "मंग आता चाल," एवढंच म्हणाली.

निरोप न देताच सर्जेराव आला, मागं दहा-पंधरा माणसं आली. गाडीतला बुडखा बघून त्याला काय कळायचं ते कळलं.

"धा-बारा दिसांमागं येक सांगितलं, आज दुसरं सांगतो. तुझ्या कंच्या पायावर इस्वास ठेवायचा रे?"

"पायावर नका ठेवू, मालक," भिवा म्हणाला. "खड्ड्यावर ठेवा."

तो खुंटीवर उभा राहिला. या वेळी द्वारकाबाई मोजत नव्हती. ती गाडीच्या दांडीला टेकून उभी होती. भिवानं स्वतःच मोजलं, आणि आवाज इतका बारीक निघाला की मागच्या माणसांनी मान पुढं केली. पहिली चार पावलं आखूडच पडली. तो परत खुंटीवर आला. पुन्हा आखूड. तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटले आणि चालला. बावीसला उघडले तेव्हा आडाचं काटेरी कुंपण मागं राहिलं होतं, दोन हातांवर.

"हितं," तो म्हणाला.

खणायला घेतलं तेव्हा त्याचीच मेहनत त्याच्या विरुद्ध उभी राहिली. वीत-वीत चोपलेली माती दगडासारखी बसली होती. टिकाव उडून परत येत होता. संपत वाकू शकत नव्हता, तरी माती ओढत होता. मालनबाई घमेलं उचलत होती. बघायला आलेली माणसं आधी उभी होती, मग बसली. दुपार डोक्यावर आली. सर्जेराव म्हणाला, "काय बी न्हाई तिथं." त्याच दमात टिकावाला मऊ लागलं.

भिवानं हातानं माती बाजूला केली. तोडलेल्या मुळाचं टोक. कडू वास अजून जिवंत. मग दुसरं, तिसरं. सात टोकं, खड्ड्याच्या भिंतीतून बाहेर आलेली.

दोर लावून, पहारी घालून बुडखा खड्ड्यात सोडला. भिवा त्याला इंच-इंच फिरवत होता, पांगळ्या माणसाला खाटेवर निजवावं तसा. एक मूळ जुळलं. दुसरं जुळलं. उगवतीकडचं ते कोपरात वाकलेलं मूळ शेवटी राहिलं. भिवानं खांदा लावला. काप कापावर बसला.

"बसला," कुणीतरी म्हणालं.

बुडख्याच्या बेचक्यातून फुलीचा दगड वर बघत होता. भिवानं जन्मात पाचशे झाडं काढली असतील. झाड जागेवर ठेवायची ही पहिलीच वेळ.

सर्जेरावानं धोतराचा सोगा झटकला. "जालन्याला आता येऊ नको. तुझी ती करवत घेऊन गावात काम मिळतं का बघ. खोटी पावलं टाकणाऱ्याला कोण बोलावतं ते मी बी बघतो."

"बरं मालक," भिवा म्हणाला. सर्जेरावाच्या बोलण्यात काही खोटं नव्हतं. माणसं उठून जाताना कुणी त्याच्याशी बोललं नाही, आणि तेही बराबरच होतं.

मालनबाईनं काठीनं कुंपणाचे काटे ओढून काढले. हातावर ओरखडे उठले, तरी शेवटचा काटा काढेपर्यंत थांबली नाही. द्वारकाबाईनं बादली आणि दोर आणला.

"उन्हाचं लई खणलंस. पाणी पी."

भिवा आडाजवळ आला. दोराकडे हात नेला नाही. गुडघ्यावर बसला आणि ओंजळ पुढं केली, वरून ओतलेलं पाणी घ्यायला करतात तशी. त्याचा बाप करायचा तशी.

"हात खाली घ्या," मालनबाई म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण संपतनंही दचकून बघितलं. "छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडलं ते. खोटं बोललात त्याचं काय ते भरा. ह्याच्यात ते मिसळू नका."

भिवानं हात खाली घेतले. द्वारकाबाईनं दोर त्याच्या मांडीवर टाकला.

"शेंद. आन् येक सांगते ते ऐक. झाड पाडलं त्या दिशी तुझी बावीस झाली तवा माझी येकोणतीस झाल्ती. सायबापुढं तुझी बावीस झाली तवा माझी तेवीस." ती आडाच्या काठावर टेकली. "तुझी मोठ्यानं मोजत व्हते, माझी मनात."

भिवा उठता उठता तसाच राहिला. "तुमाला ठावं व्हतं?"

"दोन पायांवर साठ सालं चालून राह्यले मी."

"मंग बोलल्या का न्हाई?"

"चार माणसांत तुला खोटा म्हणलं असतं तर तुझ्याकडं परत झाड कुणी दिलं असतं? म्हणलं येईल आपल्या पायानं. अंगठ्याला अजून दोन दिस व्हते." तिनं पदर झटकला. "आला नसतास, तर उद्या कासरा घेऊन तुझ्या दारात आलेच असते. आता शेंद, मला मेथी काढायचीय."

भिवानं बादली सोडली. ती खाली जाऊन पाण्याला टेकल्याचा आवाज आला, बुडाली, भरली. तो ओढू लागला. लहानशीच बादली, एरवी एका हातानं वर आली असती. त्याला मधे दोनदा थांबावं लागलं.